ठराव, तारीख आणि पाठपुरावा : धर्माबादच्या बौद्ध तरुणांसाठी स्थानिक कारभाराची संदर्भ-वही

धर्माबाद शहरातल्या आणि तालुक्यातल्या आपल्या तरुणांना बोधगयेचा १९४९ चा कायदा माहीत असतो. महाबोधी महाविहाराच्या समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्षपदी जिल्हाधिकारी असतात, हे ते न अडखळता सांगतात. ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण बैठकीत मी त्यांना दुसरा प्रश्न विचारते. तुमच्या गावच्या मागच्या ग्रामसभेत कोणता ठराव झाला? वस्तीतल्या नालीसाठी यंदा किती पैसे मंजूर आहेत? तेव्हा सगळे एकमेकांकडे बघतात.

काही वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका गावात वस्तीचा रस्ता का होत नाही, हे शोधायला आम्ही बसलो होतो. सगळ्यांचा समज होता की निधीच आला नाही. दप्तर पाहिले तेव्हा कळले की निधी आला होता, काम ‘पूर्ण’ झाले होते. फक्त रस्ता वस्तीत नव्हता, दुसऱ्या गल्लीत होता. ज्या ग्रामसभेत जागा बदलली तिच्या हजेरीत वस्तीतल्या माणसांची नावे होती. त्यातला एक जण त्या दिवशी तेलंगणात वीटभट्टीवर होता.

त्या दिवसापासून माझे मत पक्के झाले आहे. आपण राजकारण निवडणुकीच्या महिन्यात करतो आणि निर्णय उरलेल्या अकरा महिन्यांत होतात. ते ठरलेल्या तारखांना, ठरलेल्या टेबलांवर, कागदावर होतात. त्या तारखा आणि ती टेबले माहीत करून घ्यावीत, यासाठी हा लेख. कात्रण करून विहारात लावला तरी चालेल.

ठराव झाला म्हणजे काम झाले नाही

हा धडा आपल्या जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन शिकला आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव मंजूर केला. त्यानंतर काही दिवसांतच मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. ठराव ते अंमलबजावणी, साडेपंधरा वर्षे. त्या काळात ज्यांनी मोर्चे, निवेदने, तुरुंग असा पाठपुरावा सोडला नाही, त्यांच्यामुळे ठराव जिवंत राहिला. नालीचा ठराव असो की विद्यापीठाचा, नियम तोच.

कोण काय ठरवते

चुकीच्या दारात गेले की वर्ष वाया जाते. म्हणून आधी दारे ओळखा.

ग्रामपंचायत : गावातली नाली, दिवाबत्ती, पाणी, घरकुल लाभार्थ्यांची यादी, वस्तीतली कामे सुचवणे. स्वतःच्या उत्पन्नातला १५ टक्के हिस्सा मागासवर्गीयांसाठी खर्च करणे तिला बंधनकारक आहे.

पंचायत समिती : गटविकास अधिकाऱ्यांचे कार्यालय. ग्रामपंचायतीच्या कामांची तपासणी आणि ग्रामपंचायतीविरुद्धची पहिली तक्रार इथे.

जिल्हा परिषद, नांदेड : समाजकल्याण विभाग इथे आहे. वस्ती विकासाच्या कामांची मंजुरी, शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रे. स्वतःच्या उत्पन्नातले २० टक्के (सेस) मागासवर्गीयांसाठी राखीव.

नगर परिषद, धर्माबाद : शहरातले रस्ते, पाणी, स्वच्छता, शहरातल्या वस्त्यांचा निधी.

तहसील : रेशन, निराधार योजना, गायरान, सातबारा, मतदार यादी.

जिल्हा नियोजन समिती : पालकमंत्री अध्यक्ष. जिल्ह्याला मिळणारा अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा कोणत्या कामाला किती, हे इथे ठरते.

विधानसभा व लोकसभा : धर्माबाद तालुका नायगाव विधानसभा मतदारसंघात आणि नांदेड लोकसभा मतदारसंघात येतो. आमदाराला भेटताना ‘साहेब, लक्ष द्या’ म्हणू नका. ‘हा प्रश्न येत्या अधिवेशनात तारांकित प्रश्न म्हणून लावा’ असे लेखी द्या.

बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आले. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी आदेश दिल्यावर रखडलेल्या निवडणुकांना गती आली. पण त्या तीन-साडेतीन वर्षांत सदस्य नव्हते म्हणून मंजुऱ्या थांबल्या नव्हत्या. विचारणारे मात्र थांबले होते.

ग्रामसभा : सर्वात जवळची विधानसभा

बाबासाहेबांनी ऑक्टोबर १९३२ मध्ये मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना गावगाड्यावर आंधळा विश्वास ठेवायला नकार दिला होता. अस्पृश्यांना पंचायतीत राखीव प्रतिनिधित्व नसेल तर तिच्या हाती सत्ता देऊ नका, ही त्यांची भूमिका होती. आज ७३ व्या घटनादुरुस्तीमुळे (२४ एप्रिल १९९३ पासून लागू) राखीव जागा आहेत. पण राखीव जागेवर निवडून आलेल्या बाईची सही दुसऱ्याच कुणीतरी सांगितली म्हणून होत असेल, तर तिच्या पाठीशी बसायला ग्रामसभेत आपली माणसे हवीत.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ७ नुसार वर्षात किमान चार ग्रामसभा झाल्याच पाहिजेत. साधारणपणे त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. सूचना सात दिवस आधी निघाली पाहिजे. प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेणे बंधनकारक आहे. ती झाली का, हे विचाराच.

गणपूर्तीला गावातल्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढी माणसे लागतात. इथे एक गोम आहे. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे पहिल्या दिवशी कुणी आले नाही, तर दुसऱ्या वेळी दहा माणसांत गावाचा निर्णय होऊ शकतो. ‘आज सभा झालीच नाही’ हे ऐकून घरी जाणाऱ्यांनी पुढची तारीख विचारूनच जावे.

सभेला जाताना चार गोष्टी कराव्यात. विषय आधी लेखी द्या आणि पोच घ्या. बोलताना ठरावाची भाषा तयार ठेवा : कोणते काम, कुठून कुठपर्यंत, कोणत्या योजनेतून. ठराव वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका. आणि आठ-दहा दिवसांनी इतिवृत्ताची नक्कल मागा. २ ऑक्टोबरच्या सुमारास पुढच्या वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याचे काम सुरू होते, ती सभा चुकवू नका. ग्रामपंचायतीने कोणत्या कामावर किती पैसे दिले, हे ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर मोबाइलवरच दिसते.

वस्तीचा पैसा आणि शेजारची दोन राज्ये

२०११ च्या जनगणनेनुसार राज्यात अनुसूचित जातींची लोकसंख्या ११.८ टक्के आहे. नांदेड जिल्ह्यात ती सुमारे १९ टक्के आहे. म्हणून उपयोजनेतला प्रत्येक रुपया आपल्या जिल्ह्याला जास्त जाणवतो.

लोकसंख्येच्या प्रमाणात अनुसूचित जातींसाठी वेगळा निधी ठेवण्याचे धोरण १९७९-८० पासून आहे. ग्रामीण भागात त्यातूनच ‘दलित वस्ती सुधार’ या जुन्या नावाने ओळखली जाणारी योजना चालते. आज तिचे नाव अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास असे आहे. वस्तीच्या लोकसंख्येवर तिला मिळणारी रक्कम ठरते आणि कामे पाच वर्षांच्या बृहत् आराखड्यातून घेतली जातात. त्यामुळे पहिला प्रश्न ‘निधी कधी येणार’ हा नाही. पहिला प्रश्न असा : आराखड्यात आमची वस्ती आहे का, आणि तिची लोकसंख्या किती दाखवली आहे?

हा पैसा वरूनही वळतो. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे सुमारे ३३५ कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवल्याचे समोर आले. खुद्द सामाजिक न्यायमंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. लाडकी बहीणचे पैसे आपल्या आया-बहिणींनाही मिळतात, त्यामुळे अनेकांना यात वावगे वाटले नाही. पण सर्वांसाठीच्या योजनेचा खर्च सर्वांच्या तिजोरीतून व्हावा. वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि वस्तीच्या हिश्शातून तो होऊ नये, एवढाच मुद्दा आहे.

नांदेड जिल्ह्याच्या सीमेला दोन राज्ये लागतात आणि दोन्हीकडे उपयोजनेसाठी कायदा आहे. आंध्र प्रदेश व कर्नाटकने तो २०१३ मध्ये केला. तेलंगणाने २०१७ मध्ये विशेष विकास निधीचा स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्रात असा कायदा व्हावा ही चळवळीची जुनी मागणी आहे. मात्र कायदा म्हणजे जादूची कांडी नव्हे. कर्नाटकातही हमी योजनांसाठी उपयोजनेचे पैसे वापरल्यावरून मोठा वाद झाला. कायदा मागताना निधी वळवणाऱ्या पळवाटा आधीच बंद करा, असेही मागावे लागेल.

सीमेवरचे प्रश्न

२०१८ मध्ये धर्माबाद तालुक्यातल्या सीमेवरच्या गावांनी ‘आम्हाला तेलंगणात घ्या’ अशी मागणी केली, तेव्हा राज्यभर बातम्या झाल्या. पलीकडच्या शेतकऱ्याला मिळणारी मदत, पेन्शन, वीज लोकांना रोज दिसत होती. या आंदोलनात आपल्या वस्त्यांनी आणखी एक प्रश्न जोडायला हवा होता : या योजनांतून जमीन नसलेल्याला काय मिळणार? शेतीवर आधारलेल्या मदतीत शेतमजूर कुठेच नसतो.

बाभळी बंधाऱ्याचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात बंधाऱ्याचे दरवाजे उघडे ठेवावे लागतात आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावे लागते. बंधाऱ्याची क्षमता २.७४ टीएमसी आहे. गोदावरी भरून वाहते तेव्हा दरवाजे उघडे आणि बंद होतात तेव्हा प्रवाह आटलेला, अशी ही अडचण आहे. नेते सभेत ‘बाभळीचे पाणी’ म्हणतात तेव्हा या तारखा माहीत असलेल्या माणसाला फसवता येत नाही.

गायरान : कागद जपा

दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. मराठवाड्यातल्या आपल्या कित्येक घरांनी त्या प्रेरणेने गायरान कसले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली पात्र अतिक्रमणे नियमित करण्याचा मार्ग खुला केला. दुसरीकडे सर्वोच्च न्यायालयाच्या २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग निकालानंतर गायरानावरची अतिक्रमणे काढण्याचा दबाव वाढत गेला. त्याच निकालात भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना शासन निर्णयाने दिलेल्या जमिनींबाबत अपवादाचा उल्लेख आहे, हे आपल्या लोकांना कुणी सांगत नाही.

म्हणून तलाठ्याकडचा गाव नमुना १-ई (अतिक्रमणांची नोंदवही) तपासा. जुन्या दंडाच्या पावत्या, पीकपेऱ्याच्या नोंदी आणि नोटिसा ट्रंकेत ठेवा आणि त्यांचे फोटो दोन मोबाइलमध्ये ठेवा. नोटीस आली तर मुदतीत लेखी उत्तर द्या. मोर्चा नंतरही काढता येतो, पण मुदत टळली की परत येत नाही.

राज्य पातळीवर नजर कशी ठेवायची

विधिमंडळाची वर्षात साधारण तीन अधिवेशने होतात : अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. प्रत्येक अधिवेशनाच्या महिनाभर आधी आपले प्रश्न आमदारांकडे लेखी पोचले पाहिजेत. शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावर मराठीत मिळतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा ‘जीआर’ पुढे पाठवण्याआधी त्याचा संकेतांक त्या संकेतस्थळावर टाकून बघा. सापडला नाही तर पाठवू नका.

विधेयकांवर हरकती देता येतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त समितीकडे गेले, तेव्हा १२ हजारांहून अधिक सूचना आल्या. जुलै २०२५ मध्ये विधेयक मंजूर झालेच, पण हरकती नोंदीत राहिल्या आणि पुढच्या लढाईला त्या लागतात.

अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा विषयही असाच दारात आहे. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०२४ रोजी राज्यांना तशी मुभा दिली. महाराष्ट्राने न्या. अनंत बदर यांची समिती नेमली. तेलंगणाने १४ एप्रिल २०२५ पासून तीन गटांचा कायदा लागूही केला. या विषयावर आपल्यात तीव्र मते आहेत. ती आकडेवारीसह समितीपुढे मांडावीत. मातंग बांधवांशी चौकात भांडून दोघांचेही काही भले होणार नाही. आपल्या तालुक्यात अत्याचाराच्या प्रसंगी पोलीस ठाण्यात आपल्याबरोबर येणारे तेच असतात.

दोन याद्या : मतदार आणि जनगणना

मतदार नोंदणीसाठी आता वर्षात चार अर्हता तारखा आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. नवीन नावासाठी नमुना ६, नाव वगळण्याला वा आक्षेपासाठी नमुना ७, दुरुस्ती व स्थलांतरासाठी नमुना ८. स्थानिक निवडणुकीआधी विधानसभेची यादी प्रभागांत फोडली जाते, तेव्हा अख्खी गल्ली दुसऱ्या प्रभागात जाऊ शकते. प्रारूप यादीवर हरकतीची मुदत थोड्या दिवसांची असते. वीटभट्टीला, ऊसतोडीला गेलेल्यांची नावे त्यांच्या वतीने तपासणे हे वस्तीतल्या शिकलेल्या मुला-मुलींचे काम आहे.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि या वेळी जातीचीही नोंद होणार आहे. २०११ मध्ये राज्यात बौद्धांची संख्या सुमारे ६५ लाख, म्हणजे ५.८ टक्के होती. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, पण गणना होते ती यादीतल्या जातीच्या नावाने. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ आणि जातीच्या रकान्यात अनुसूचित यादीतले नाव लागले तरच दोन्ही मोजदादींत आपण येतो. जात नाकारणाऱ्या माणसाला हे लिहिणे टोचते, मलाही टोचते. पण राखीव जागा आणि वस्तीचा निधी याच आकड्यावर ठरणार आहेत. घरी बसून हा निर्णय आधी करा, प्रगणक दारात उभा असताना नको.

माहितीचा अधिकार, थोडक्यात

अर्ज करण्याआधी फुकटचा मार्ग वापरा. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हा स्तरावरच्या व त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. सुरुवातीला सांगितलेला रस्ता आम्हाला असाच सापडला.

अर्ज करायचा तर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावा. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला शुल्क नाही. एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा पाळा. ‘का’ विचारू नका, कागद मागा : अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयक, इतिवृत्त. ३० दिवसांत उत्तर नाही आले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, त्यानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरे अपील. अर्ज एकट्याच्या नावाने करू नका. पाच जणांनी पाच अर्ज करावेत, म्हणजे दबाव एकाच घरावर येत नाही. धमकी आली तर त्याच दिवशी पोलिसांत लेखी द्या. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीची बैठक दर तीन महिन्यांनी व्हायला हवी. ती झाली का, हेही विचारत राहा.

विहारात एक वही

हे सगळे एका माणसाने करायचे नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर अर्धा तास पुरतो. एक जण पुढच्या महिन्यातल्या तारखा वाचेल. एक जण प्रलंबित अर्ज सांगेल. एक ताई महिला सभेचे विषय घेईल. एक जण वहीत लिहील : तारीख, कार्यालय, काय दिले, पोच क्रमांक, पुढची तारीख. कोण कोणत्या गटाचा, कोणत्या पक्षाचा, हे त्या अर्ध्या तासात दाराबाहेर ठेवावे. आपल्या गटबाजीची सर्वांत जास्त सोय ज्यांना होते, ते त्या बैठकीला कधीच येत नाहीत.

त्या गावातला वस्तीचा रस्ता हा लेख लिहीपर्यंत झालेला नाही. तक्रार गेली, चौकशी लागली, प्रकरण एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर चालले आहे. पण त्यानंतरच्या ग्रामसभेला वस्तीतली २३ माणसे गेली, त्यात ११ बाया होत्या. हजेरीतल्या सह्या त्यांनी स्वतःच्या हाताने केल्या आणि रस्त्याचा ठराव ‘कुठून कुठपर्यंत’ यासह लिहून घेतला. त्याची नक्कल विहारातल्या वहीत चिकटवलेली आहे. पुढची तारीख खाली लिहिली आहे.

जय भीम.